ओझरची मिग-२१ : रुपेरी रंग नव्हे, उघडा धातू

नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढे सोव्हिएत परवान्याने मिग-२१ विमाने तेथे बांधली जाऊ लागली. त्यांतील ‘एफएल’ प्रकारच्या विमानांची मूळ चकाकी रंगाची नव्हती. ती उघड्या अ‍ॅल्युमिनियमची होती. प्रतिकृती करणाऱ्यांची पहिली चूक येथेच होते. डबीतला रुपेरी रंग सर्वत्र सारखा फासला की मिग खेळण्यासारखे दिसू लागते.

विमाने रंगाविना का ठेवत? रंगाला वजन असते. शिवाय तांबेमिश्रित अ‍ॅल्युमिनियम मजबूत असले तरी लवकर गंजते. म्हणून त्याच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढविण्याची युक्ती १९२०च्या दशकात निघाली. अशा पत्र्याला ‘अल्क्लॅड’ म्हणत. आज प्रतिकृतिकार वापरतात त्या एका धातुरंगाचे नावही तेच आहे.

मिगच्या अंगावर एकच चांदी नव्हती. शेजारशेजारचे पत्रे प्रकाश वेगवेगळा परतवीत. मागच्या नळीजवळचा धातू उष्णतेने काळवंडे. नाकाचा शंकू आणि शेपटीचे टोक मात्र हिरवे, कारण रेडिओलहरी धातूतून आरपार जात नाहीत.

१/७२ प्रमाणात या विमानाचे पंख जेमतेम १० सेंमी भरतात. त्या मापावर ०.१ मिमीचा ओरखडा म्हणजे मूळ विमानावर ७ मिमीची खाच! साधा रंग असे दोष झाकतो. धातुरंग ते उजेडात आणतो. म्हणून सांधे पुट्टीने बुजवून, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून प्लास्टिक क्रमाक्रमाने बारीक घासावे लागते. त्यावर चकचकीत काळा थर. तो पूर्ण वाळल्यावर एअरब्रशने धातुरंगाचे अतिशय विरळ हात. मग टेप लावून एकेक पत्रा किंचित गडद किंवा फिका करायचा. खरे काम घासण्याचे आहे, आणि कंटाळाही त्याचाच येतो.

एवढे करूनही प्रतिकृती चुकीची ठरू शकते, ती तारखेमुळे. १९७१च्या युद्धकाळात अनेक मिग-२१ विमानांवर हवाई तळांवरच घाईने हिरवे-तपकिरी मायावरण चढविले गेले. त्याचा एक ठरावीक नमुना नव्हता. युद्धानंतर कित्येक विमाने पुन्हा उघड्या धातूत दिसू लागली. त्यामुळे १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारे मिग लखलखीत रुपेरी करण्यापूर्वी त्या काळातली छायाचित्रे पाहणे भाग आहे.

चौकाचौकांत चौथऱ्यावर उभी असलेली निवृत्त विमाने हा भरवशाचा पुरावा नव्हे. ऊनपावसापासून वाचविण्यासाठी त्यांना अनेकदा रुपेरी रंगच दिलेला असतो, तोही सर्वत्र सारखा.