भूकंपाचा नकाशा बदलतो, तेव्हा काय होते? ‘आयएस १८९३’ समजून घ्या

१० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातही हादरे जाणवले. अशा वेळी ‘आपण कोणत्या झोनमध्ये?’ हा प्रश्न व्हॉट्सॲपवर येतो आणि उत्तर म्हणून नकाशेही फिरू लागतात. त्यात ‘झोन १’ दिसला, तर तो नकाशा २००२ पूर्वीचा आहे असे खुशाल समजावे. वाशीम जिल्हाच १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नकाशात तो सापडणारही नाही.

हे झोन ठरतात ‘आयएस १८९३’ या भारतीय मानकात. इमारत भूकंपाचा किती जोर सोसेल अशी बांधावी, याचे नियम त्यात आहेत. ते पहिल्यांदा १९६२ मध्ये आले. पुढे १९६६, १९७०, १९७५, १९८४, २००२ आणि २०१६ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

यातल्या दोन बदलांमागे महाराष्ट्र आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. दख्खनचे पठार स्थिर आहे, या समजुतीलाच धक्का बसला आणि १९७० मध्ये देशाचा नकाशा नव्याने आखला गेला. तरीही लातूरचा किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्येच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, तिथे दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार लोक गेले. २००२ च्या आवृत्तीत झोन १ रद्द करून झोन २ मध्ये मिसळला आणि किल्लारी झोन ३ मध्ये आले. म्हणजे नकाशा सुधारायला नऊ वर्षे लागली. कोड बहुतेकदा भूकंपाच्या मागून चालतो, ही त्याची खरी मर्यादा.

हे काम भारतीय मानक ब्युरो करतो. विषयवार तांत्रिक समित्या मसुदा तयार करतात, तो लोकांच्या हरकतींसाठी खुला होतो आणि मग मानक प्रसिद्ध होते. साधारण पाच वर्षांनी प्रत्येक मानकाचा आढावा घेतला जातो. ते तसेच ठेवले तर ‘पुनर्पुष्टी’, एखादे कलम बदलले तर दुरुस्तीपत्रक, बरेच बदलायचे असेल तर नवी आवृत्ती. मानक मागेही घेतले जाते.

म्हणून क्रमांकानंतरचे साल महत्त्वाचे. ‘आयएस ४५६’ हे काँक्रीटचे मानक घ्या: २००० च्या आवृत्तीने आरसीसीसाठी किमान प्रत एम-१५ वरून एम-२० केली. ड्रॉइंगवर किंवा करारात नुसते ‘आयएस ४५६’ लिहिले असेल, तर कोणत्या सालचे ते विचारावे. त्यानंतरची दुरुस्तीपत्रकेही तपासावी लागतात. भारतीय मानके ब्युरोच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात.

आधीच उभ्या असलेल्या घराचे काय? कोड बदलला म्हणून जुनी भिंत मजबूत होत नाही, आणि नवा नियम जुन्या घराला आपोआप लागूही होत नाही. आरसीसी इमारतींची तपासणी व मजबुतीकरणासाठी ‘आयएस १५९८८’ हे २०१३ चे वेगळे मानक आहे. दगड-मातीच्या घरांच्या बांधकामासाठी ‘आयएस १३८२८’ आहे. त्याचे साल १९९३, किल्लारीचेच.