भाजी शिजेपर्यंत एक गोष्ट

मलकापुरात आम्ही बायका वाचतो कधी? भाजी शिजेपर्यंत, नळाला पाणी येईपर्यंत. तेवढ्या वेळात कादंबरी पुढं सरकत नाही. एक गोष्ट मात्र वाचून होते.

मराठी कथा वाढली ती नियतकालिकांत. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यात त्यांच्या स्फुट गोष्टी येत. १८९५ला 'मनोरंजन' मासिक निघालं, १९०९ला त्याचा दिवाळी अंक आला आणि फराळासोबत घरात कथा आली.

पण बाईनं बाईचं मन उघड लिहिणं सोपं नव्हतं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींची घुसमट त्यात होती. मोठा गदारोळ उठला. पुस्तकावर नाव होतं विभावरी शिरूरकर. मालती बेडेकर या नावानं पुढं ओळखल्या गेलेल्या लेखिकेला तेव्हा टोपणनावाआड राहावं लागलं.

आता मोबाइलनं वेळेचे आणखी तुकडे केलेत. म्हणून आम्ही रेडिओवर गोष्ट मोठ्यानं वाचतो. जिला वाचता येत नाही, तीही ऐकते आणि म्हणते, "बाई, हे तर माझंच!" मग सांगा ना तुमची गोष्ट, स्वतःच्या नावानं.