नावे आणि जमा

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या डहाणूच्या गल्लीत काकड्या घेऊन येणारी एक वारली बाई दारात थांबली. राहणारी तलासरीकडची. सोबत दहा वर्षांची मुलगी होती, आश्रमशाळेत पाचवीत शिकणारी. बाई म्हणाली, "भाई, पोरीचा खाता काढायचाय बँकेत. शालेत मागतात. तुमी याल का संगती?"

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतले त्यात गणिताची भीती हे एक मोठे कारण होते. बँकेच्या कामात माझा कुणाला उपयोग होईल असे मला वाटत नव्हते. पण दारात आलेल्या माणसाला रिकामे पाठवायचे नाही, ही अम्मीची शिकवण. गेलो.

खिडकीवरच्या तरुणाने कागद पाहिले. मुलीचे आधार कार्ड होते, जन्माचा दाखला होता, फोटो होते. त्याने विचारले, "वडील कुठे आहेत?" वडील होते वेरावळला, मच्छीमार बोटीवर खलाशी. आमच्या भागातले कितीतरी तरुण पावसाळा सरला की गुजरातच्या बोटींवर जातात, ते उन्हाळा संपता संपता परततात. "मग त्यांची सही लागेल. ते आले की या," तरुण म्हणाला. बाईने कागद पुन्हा पिशवीत घातले. तिला त्यात काही वावगे वाटले नाही. थांबायची तिला सवयच होती.

मला मात्र १९८० साल आठवले. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अब्बांचे शिवणकामाचे लहानसे दुकान होते. अम्मी घरी बसून काजे-बटणे करायची. त्याचे पैसे अब्बा तिला वेगळे द्यायचे आणि ती ते तांदळाच्या डब्यात ठेवायची. एका रात्री तिने विषय काढला, "याच्या नावाने पोस्टात खाते काढू या." अब्बांनी मान हलवली. "व्याजाचा पैसा या घरात नको."

आमच्या धर्मात व्याज निषिद्ध आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण अब्बांचा राग नुसता किताबातला नव्हता, डोळ्यांनी पाहिलेला होता. लहानपणी ते आपल्या वडिलांबरोबर महालक्ष्मीच्या यात्रेत कपडे विकायला बसत. तिथे येणारी वारली माणसे, त्यांची कर्जे, त्यांचे सावकार, हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. व्याज म्हटले की त्यांच्यासमोर सावकाराची वही उभी राहायची.

हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. एक जमेची, दुसरी नाव्याची. पैसा आला की जमा, येणे राहिले की ते त्या माणसाच्या नावे. डहाणू-तलासरीच्या वारल्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच बाजूला लिहिली गेली. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यायची, आणि पीक आले की दीडपट, दुप्पट करून परत करायची. लग्नासाठी पैसे घेतले तर नवरा-बायकोने ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींविषयी सरकारला अहवाल दिला, त्यातही या लग्नगड्यांची हकिगत आहे. कर्ज फिटले की नाही, हे सावकार सांगेल तेव्हा कळायचे. वही वाचता येत नव्हती. आपला वाटा तेवढा कागदावर अंगठा उमटवण्याचा. बाप राबता राबता थकला की मुलगा गुरांमागे उभा राहायचा.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज १९४५ साली उठला. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचे काम घेऊन या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगार करणार नाही असे ठरवले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी त्यात गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, तिथून फार दूर नसलेल्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. ते १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे अंगणात, कुरणात आदिवासी मुलांची शाळा भरू लागली. एका कामाने वेठ मोडली, दुसऱ्याने अक्षर दिले. मला ही दोन्ही कामे एकमेकांना पुरी करणारी वाटतात. वेठ सुटली तरी वही वाचता आल्याशिवाय तिची भीती कशी सुटणार?

आता कायद्याची एक गंमत पाहा. १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही. म्हणजे कायद्याने मूल कर्जदार होऊ शकत नाही. १९०३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात हे अगदी ठामपणे सांगितले. आणि इकडे आमच्या पाड्यांवर मूल जन्मायचे तेच कर्जात.

मात्र मुलाला कर्ज करता येत नसले तरी बचत करता येते, हेही कायद्याने तितक्याच जुन्या काळी मान्य केले. सरकारी बचत बँकांचा कायदा १८७३ सालचा. मुलाने स्वतः ठेवलेले पैसे त्याच्याच हाती देता येतील आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी ठेवलेले त्याच्या पालकाकडे देता येतील, अशी तरतूद त्यात होती. पुढे १८८२ साली पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली आणि साध्या माणसाला आपले पैसे ठेवायला एक खिडकी मिळाली.

आमच्या घरातला वाद अम्मीने मिटवला, तोही कायद्याच्या नव्हे, तिच्या हिशेबाने. ती अब्बांना म्हणाली, "व्याज आपले नाही ना? मग ते आपण ठेवायचे नाही. पण माझ्या काजे-बटणांचे पैसे तर आपले आहेत." दुसऱ्या दिवशी ती मला पोस्टात घेऊन गेली. रुमालाची गाठ सोडून तिने दहा रुपये काढले. पोस्टमास्तरांनी पुस्तकावर माझे नाव लिहिले आणि मला सही करायला सांगितले. माझी ती आयुष्यातली पहिली सही. शाईचा थेंब पडून तिचे शेवटचे अक्षर फुगले होते.

पुढे दरवर्षी पुस्तकात व्याजाची नोंद झाली की अब्बा आकडा विचारायचे. तेवढे पैसे वेगळे काढून कुणा अडलेल्या माणसाला द्यायचे. पुण्य लागावे म्हणून नाही, आपले नाहीत म्हणून. त्यांच्या दुकानातही एक उधारीची वही होती. गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या नावावर आडवी रेघ मारायची, हा त्यांचा नियम होता. "त्याला वाचता येत नसले तरी रेघ दिसते," असे ते म्हणायचे.

पोस्टात अम्मीला कुणी "यांचे वडील कुठे" असे विचारले नव्हते. बँकांच्या खिडकीवर मात्र हा प्रश्न फार वर्षे विचारला गेला. आपल्याकडच्या बहुतेक व्यक्तिगत कायद्यांत मुलाच्या मालमत्तेचा पहिला पालक बाप. आमच्या मुस्लिम कायद्यातही मूल सांभाळण्याचा हक्क आईचा, पण त्याच्या मालमत्तेचे पालकपण बापाचे. त्यामुळे आईच्या सहीवर मुलाचे खाते उघडायला बँका कचरत. २९ डिसेंबर १९७६ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले की आईला पालक धरून मुलाचे बचत आणि मुदत ठेवीचे खाते उघडू द्यावे. पुढे आवर्ती ठेवींनाही ती सवलत मिळाली. अट एकच होती. अशा खात्यातून शिलकीपेक्षा जास्त पैसे काढू द्यायचे नाहीत. ते नेहमी जमेतच राहिले पाहिजे.

ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा वेळ तसाच बसून राहिलो. बँकेने ती आपल्या सोयीसाठी घातलेली, मुलाकडून वसुली करता येत नाही म्हणून. पण आमच्या भागात राहून ती वाचली की तिचा अर्थ वेगळा लागतो. ज्या मातीत मुलाचे नाव जन्मापासून नाव्याच्या बाजूला पडायचे, तिथे एक पुस्तक असे आहे की ज्यात त्याला कर्जात टाकायला नियमानेच मनाई आहे.

नियम झाला म्हणजे सवय मोडली असे नाही. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा त्यांच्याकडेही वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने सांगितले की बाप हयात असला, तरी तो मुलाची जबाबदारी पाहत नसेल किंवा हजर नसेल, तर आईही नैसर्गिक पालक ठरते. तो खटला हिंदू कायद्याखालचा होता, पण खिडकीवरचा प्रश्न सगळ्या धर्मांच्या आयांना सारखाच विचारला जात होता.

त्यानंतर नियम आणखी सैल झाले. ६ मे २०१४ च्या परिपत्रकाने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावाने खाते उघडून ते चालवण्याची वाट मोकळी झाली. २१ एप्रिल २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने सगळे जुने नियम एकत्र करून पुन्हा सांगितले: कोणत्याही वयाच्या मुलाचे खाते पालकामार्फत उघडता येते, आईलाही पालक होता येते, आणि दहा वर्षांपुढचे मूल बँकेने ठरवलेल्या रकमेपर्यंत खाते स्वतः चालवू शकते. १ जुलै २०२५ पर्यंत बँकांनी आपले नियम तसे करून घ्यायचे होते.

म्हणून त्या दिवशी मी खिडकीवरच्या तरुणाशी भांडलो नाही. त्याला जे शिकवले गेले तेच तो सांगत होता. आतल्या अधिकारी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "मुलीची आई समोर उभी आहे. तिची सही का चालत नाही?" बाईंनी संगणकात पाहिले, त्या तरुणाला बोलावले आणि म्हणाल्या, "चालते. खाते उघडा." पुढच्या अर्ध्या तासात काम झाले. आईचा अंगठा उमटला, शेजारी मुलीने सही केली. तिची सही माझ्या पहिल्या सहीपेक्षा पुष्कळ नीट होती.

अंगठ्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. शाळा शिकलो की अंगठा गेला, असे आपण मानत होतो. तो परत आला आहे. पाड्यांवर आता बँकेचे प्रतिनिधी लहानसे यंत्र घेऊन येतात. आधारशी जोडलेल्या खात्यावर बोट ठेवले की पैसे निघतात. सोय मोठी आहे, तालुक्याची फेरी वाचते. पण यंत्रात आकडा घालणारा हात दुसऱ्याचा असतो. शंभर मागितले आणि किती घातले, हे बोट ठेवणाऱ्याला वाचता आले पाहिजे. मिळालेली पावती वाचता आली पाहिजे. नाही तर वही बदलली, अंगठा तोच, असे व्हायला वेळ लागणार नाही.

आज मुलांची खाती पुष्कळ निघतात. आश्रमशाळांतल्या मुलांना काही वस्तूंऐवजी खात्यात पैसे मिळू लागले, शिष्यवृत्ती खात्यात येऊ लागली. २०१५ पासून दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी सुकन्या समृद्धी योजना आहे, अडीचशे रुपयांतही ते खाते उघडते. पण खाते काढून पुस्तक पत्र्याच्या पेटीत ठेवले तर मुलाच्या हाती काय आले? माझे आईबापांना एवढेच सांगणे आहे: मुलाला सोबत घेऊन जा. सही त्याला करू द्या. पुस्तक भरून घेतले की ते त्यालाच वाचायला सांगा, मोठ्याने. चूक काढायला सांगा. शाळेतल्या गुरुजींनीही महिन्यातून एक तास या पुस्तकाला द्यायला हरकत नाही. गणिताला घाबरणाऱ्या माझ्यासारख्यालाही वजाबाकी त्याच पुस्तकाने शिकवली.

बँकेतून आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. तलासरीची गाडी लागायची होती. मुलीने पुस्तक उघडले आणि बोट ठेवून एकेक रकाना वाचू लागली. तारीख. तपशील. नावे. जमा. शिल्लक. "जमा दोनशे," ती म्हणाली. काकड्यांचे ते पैसे होते.

आईने विचारले, "आन् देना किती?"

मुलीने पुन्हा एकदा नीट पाहिले. "देना काय नाय."

आईने पुस्तक हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि पदराला पुसून तिला परत दिले. तेवढ्यात गाडी लागली आणि दोघी जागा धरायला धावल्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)