प्रोटोटाइप म्हणजे नेमकं काय? रेसमोच्या निमित्ताने एका शब्दाचे तीन अर्थ

समजा, तुम्ही पीएचडीसाठी प्रस्ताव लिहायला बसला आहात आणि विषय ठरलाय 'पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगाचा इतिहास'. पहिल्याच भेटीत मार्गदर्शक म्हणतील, "फार मोठा आहे, लहान करा." पण लहान करायचा कसा? एक सोपा मार्ग म्हणजे एकच वस्तू हातात घ्यायची आणि तिच्या मागे मागे जायचं. आज आपण अशी एक वस्तू घेऊ जी कधी विकलीच गेली नाही: टाटा मोटर्सची 'टॅमो रेसमो'.

आधी माहिती बघू. फेब्रुवारी २०१७ मध्ये टाटा मोटर्सने 'टॅमो' हा वेगळा ब्रँड जाहीर केला. कमी संख्येत, कमी गुंतवणुकीत नवं तंत्रज्ञान आजमावून बघायचं, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. मार्चमध्ये जिनिव्हा मोटर शोमध्ये रेसमो समोर आली. दोन सीट, इंजिन मधोमध, वर उघडणारे दरवाजे, लांबी ३,८३५ मिलिमीटर. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएस ताकद, आणि ० ते १०० चा वेग सहा सेकंदांच्या आत. रस्त्यासाठी रेसमो आणि ट्रॅकसाठी रेसमो प्लस अशी दोन रूपं होती. डिझाइन झालं टाटांच्या इटलीतल्या तुरीनच्या स्टुडिओत. २०१८ च्या ऑटो एक्स्पोतही ती दिसली. नंतर प्रकल्प थांबला आणि गाडी ग्राहकापर्यंत पोचलीच नाही.

आता 'प्रोटोटाइप' हा शब्द बघा. आपण तो सहज वापरतो, पण त्याचे निदान तीन अर्थ आहेत.

पहिला रेसिंगमधला. ल मॉन्ससारख्या शर्यतीत 'प्रोटोटाइप' म्हणजे फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी, जिचा रस्त्यावरच्या कोणत्याही मॉडेलशी संबंध असायची गरज नाही. दुसरा मोटर शोमधला. इथे प्रोटोटाइप म्हणजे 'पुढे असं काहीतरी येईल' हे दाखवणारा नमुना. तिसरा कायद्यातला. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला गाडीचा प्रोटोटाइप एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासणीला द्यावा लागतो. तिथून प्रमाणपत्र मिळालं की मगच विक्रीचा रस्ता मोकळा होतो. जी गाडी लोकांना विकायची आहे, तिला हा तिसरा अर्थ टाळता येत नाही.

संग्राहक ज्या गाड्यांसाठी जीव टाकतात, त्यातल्या बऱ्याच पहिल्या आणि तिसऱ्या अर्थाच्या सीमेवर जन्मलेल्या असतात. पोर्शे ९६२ ही शुद्ध शर्यतीची गाडी. जर्मनीतल्या डाउअर कंपनीने तिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती काढली, त्या आधारावर ती जीटी वर्गात दाखल झाली आणि १९९४ ची ल मॉन्स जिंकली. म्हणजे ती दुर्मिळ वस्तू नियमांमुळे निर्माण झाली. रस्त्यावरची गाडी असल्याशिवाय त्या वर्गात प्रवेश नव्हता.

रेसमोमागे असा कुठलाच नियम नव्हता. मग ती का बनली? इथे तुमचा संशोधन-प्रश्न सुरू होतो.

तिच्या इंजिनाकडे बघा. ते आलं रेव्होट्रॉन कुटुंबातून. त्याच कुटुंबातलं १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉनमध्ये होतं, फक्त तिथे ताकद ११० पीएस होती. म्हणजे दिसायला रेसिंगची, पण वंशावळ घरगुती गाडीची. चाकणच्या फोक्सवॅगनचंही असंच. २०१० पासून भारतात जो पोलो कप झाला, त्यातली गाडी बाजारातल्या पोलोवर आधारलेली होती. तिथे प्रवास शोरूमकडून ट्रॅककडे होता. त्यामुळे 'रेसिंगमधून आलेली' असं कुठे वाचलं की आधी विचारा: कुठून कुठे?

आता खरी गोम. ज्या फेब्रुवारीत टॅमो जाहीर झाला, त्याच वेळी कंपनीने आपले प्रवासी गाड्यांचे प्लॅटफॉर्म सहावरून दोनवर आणायचं ठरवलं. एका हाताने प्लॅटफॉर्म कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा वेगळा सांगाडा लागणारी गाडी आणायची! पत्रा दाबायच्या डायचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला तर परवडतो, काही शे गाड्यांवर नाही. रेसमोच्या 'मोफ्लेक्स' या बहुपदरी रचनेने कमी संख्येतलं उत्पादन शक्य होईल, असा कंपनीचा दावा होता. तेव्हा "रेसमो का फसली?" हा प्रश्न ढोबळ आहे. "एकाच कंपनीत ही दोन धोरणं किती काळ शेजारी शेजारी राहू शकली?" हा प्रश्न पुराव्यांनी तपासता येतो.

पुरावे शोधताना मात्र एक सापळा आहे. न विकलेल्या गाडीला विक्रीचे आकडे नसतात, सर्व्हिसच्या नोंदी नसतात, मालकांचे क्लब नसतात. हाताशी उरतं ते प्रसिद्धीपत्रक, आणि त्याची भाषा सगळी भविष्यकाळातली: येईल, देईल, बदलेल. ती वाक्यं तुम्ही भूतकाळात लिहिलीत की कंपनीचं आश्वासन तुमच्या प्रबंधात घटना होऊन बसतं. परीक्षकाने नाही पकडलं तरी पुढचा विद्यार्थी तुमचा संदर्भ देऊन तेच लिहील. पत्रक जरूर वापरा, पण 'त्या दिवशी कंपनीला काय सांगायचं होतं' याचा पुरावा म्हणून.

मग दुसरीकडे काय बघायचं? वार्षिक अहवाल ओळीने वाचा आणि एखादं नाव कोणत्या वर्षी गायब होतं ते टिपा. पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात डिझाइन-नोंदणी शोधा. त्यानंतर काय उरलं तेही बघा: ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी या कोइम्बतूरच्या जयेमसोबतच्या भागीदारीतून आल्या आणि त्यात नेक्सॉनचं टर्बो इंजिन होतं. २०२० मध्ये त्याही थांबल्या. पण त्या विकल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांचे मालक आहेत, आरसी बुकं आहेत, आठवणी आहेत.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे माणसं. नमुन्याच्या गाडीचे भाग सहसा मोठ्या लाइनवर होत नाहीत. ते टूलरूममध्ये, एकेक करून, हाताच्या अंदाजाने बनतात. पिंपरी, भोसरी, चाकणमध्ये असं काम आयुष्यभर केलेले फिटर, पॅटर्नमेकर आता निवृत्त होताहेत. मोटर शोमध्ये गाडीसोबत डिझायनर आणि संचालक उभे राहतात, त्यामुळे त्यांची नावं छापून येतात. फिटरचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

संग्राहकाला गाडी हवी असते. तुम्हाला ती नसली तरी चालेल, पण ही माणसं भेटायला हवीत. प्रस्तावात मुलाखतींसाठी सहा महिने ठेवा, आणि ते पहिल्या वर्षात ठेवा.