केशर, कुंकू आणि मनाची प्रसन्नता

भगिनींनो, अलीकडे आपल्या गोखिवऱ्यात हळदीकुंकवाला मसाला दुधाच्या जोडीने केशरी चहाही दिसू लागला आहे. पेला हाती देताना ‘घ्या हो, याने मन प्रसन्न राहते’ असे सांगणारी कोणीतरी असतेच. ही समजूत आली कोठून आणि तिच्यात तथ्य किती, हे या वर्धापनदिनाच्या अंकात थोडक्यात सांगण्याचे मी योजिले आहे.

प्रथम नावाकडे पाहू. ‘कुंकुम’ हा संस्कृत शब्द मुळात केशराचाच. अमरकोशात त्याला काश्मीरजन्म आणि वाह्लीक अशीही नावे आहेत. म्हणजे काश्मीर आणि त्यापलीकडील बाल्ख हे त्याचे मुलूख. आपल्या पाणथळ भातजमिनीत ते पिकणे नव्हते. शिवाय एका फुलात तंतू तीनच, आणि एक किलो केशराला फुले लागतात सुमारे दीड लाख! असली दौलत सामान्य घरी कोठून यावी? मग हळदीलाच टाकणखार आणि लिंबाचा रस लावून लाल कुंकू तयार झाले. कपाळी हळद आली; नाव मात्र केशराचे राहिले.

परक्यांच्या नजरेलाही हेच साम्य दिसले. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याच 1534 साली गोव्यास आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात हळदीला ‘या मुलखातले केशर’ असे म्हटले आहे.

आता मनाच्या प्रसन्नतेकडे वळू. केशर खाल्ल्याने माणसाला हसू येते, आणि फार खाल्ले तर हसता हसता मरण येते, असे एका जुन्या फारसी वैद्यकग्रंथात लिहिले होते. बादशहा जहांगीर (राज्यकाल 1605 ते 1627) याने त्याची परीक्षा पाहिली. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो की, तुरुंगातून देहान्ताची शिक्षा झालेला एक कैदी आणवून त्याने त्याला पाव शेर केशर चारले. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट दिले, तरी कैद्याच्या ओठांवर स्मितसुद्धा उमटले नाही. बादशहाने ऐकीव गोष्ट पारखून पाहिली, हे खरेच. पण मला वाटते, त्याच्या जागी एखादी गृहिणी असती तर तिने आधी विचारले असते, की ज्याच्या मानेवर तलवार टांगली आहे तो हसेल कसा?

आजच्या काळात ही परीक्षा अधिक माणुसकीने झाली आहे. तेहरानमधील डॉक्टरांनी 2004 आणि 2005 साली उदासीनतेच्या विकाराच्या रुग्णांना सहा आठवडे रोज 30 मिलिग्रॅम केशराचा अर्क दिला. पहिल्या प्रयोगात 30 आणि दुसऱ्यात 40 रुग्ण होते. सौम्य व मध्यम विकारात त्याचा गुण दिसला. तेव्हा जुनी समजूत अगदीच पोकळ नव्हती. परंतु प्रयोग लहान होते, आणि दिला होता तो अर्क, चहा नव्हे. आपण कपात टाकतो त्या दोन-तीन काड्या म्हणजे जेमतेम एका फुलाचे धन. तेवढ्याने सुवास येईल, रंग येईल, घटकाभर बरे वाटेल. पण एखादी भगिनी आठवडेच्या आठवडे खिन्न असेल, जेवणझोप उडाली असेल, तर तिला केशराची डबी नव्हे, डॉक्टर दाखवावा. चालू असलेले औषधही केशरासाठी बंद करू नये.

आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. गर्भारशी सुनेला केशराचे दूध ‘मूल गोरे व्हावे’ म्हणून पाजतात. मुलाचा वर्ण आईबापांकडून येतो, पेल्यातून नव्हे. शिवाय या दिवसांत जास्त केशर अपायकारकही ठरू शकते. एरवीही 5 ग्रॅमच्या वर ते विषासारखे बाधू शकते. तेव्हा बादशहाचे अनुकरण नको! सावळ्या लेकीला जन्म देणाऱ्या सुनेला आपण काय कमी दूध पाजणार आहोत?

चहा करायचाच तर काश्मिरी काहव्याच्या रीतीने करावा. दोन-तीन काड्या कोमट पाण्यात भिजू द्याव्या, मग वेलदोडा, दालचिनी आणि बदामाचे काप घालून हलका चहा करावा. खरे केशर रंग सावकाश सोडते आणि काडी लालच राहते. चटकन रंग सोडून काडी पांढरट झाली, तर ती रंगवलेली समजावी. करडईच्या पाकळ्याही केशर म्हणून विकल्या जातात, म्हणून डबी पारखून घ्यावी.

आणि तो चहा एकटीने उभ्याउभ्या, ओट्याशी पिऊ नये. चौघीजणींत बसून प्यावा. त्या कैद्याला केशर भरपूर मिळाले होते. शेजारी बसून विचारपूस करणारे कोणी नव्हते. तेवढे तर आपले मंडळ खास करू शकते.