प्रस्तावना : पाभर ठाऊक असलेली मुलगी

अकरावीच्या वर्गात आम्ही एक साधा खेळ खेळतो. आपल्या घरातला किंवा गावातला एखादा शब्द चॅटबॉटला विचारायचा आणि आलेलं उत्तर फळ्यावर लिहायचं. एका मुलीनं ‘पाभर’ विचारला. उत्तर आलं : धान्य साठवण्याची बांबूची मोठी टोपली. भाषा इतकी ठाम, की शेजारच्या मुलानं ते वहीत उतरवूनही घेतलं. मुलगी मात्र हसायला लागली. पाभर तिच्या घरी गोठ्यात ठेवलेली. वर चाडं, खाली नळ्या. चाड्यात मूठ सोडत जायचं आणि बी नळ्यांतून तासात पडतं. टोपली कुठली! पण तासाभरापूर्वी याच मुलीनं औद्योगिक क्रांतीवरचा याच चॅटबॉटचा मजकूर एकही शंका न काढता लिहून घेतला होता.

एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) साक्षरता या ज्या विषयाच्या उंबऱ्यावर तुम्ही उभे आहात, तो बराचसा या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत सापडतो. पाभरीबद्दल इंटरनेटवर लिहिलेलं फार थोडं. ती पेरणाऱ्यांची वस्तू, लिहिणाऱ्यांची नव्हे. औद्योगिक क्रांतीवर इंग्रजीत डोंगरच्या डोंगर. चॅटबॉटमागचं भाषेचं प्रारूप मुळात कोश उघडून पाहत नाही. शिकताना पाहिलेल्या मजकुराच्या वळणावरून पुढचा तुकडा कोणता येईल याचा ते अंदाज बांधतं, मग त्याच्या पुढचा. मजकूर दाट असेल तिथे अंदाज बहुधा जमतो, विरळ असेल तिथे फसतो. आवाज मात्र दोन्हीकडे तोच, खणखणीत. पंचाईत अशी, की पाभरीची चूक मुलीला कळते, कारण पाभर तिनं पाहिलेली असते. औद्योगिक क्रांतीत ते चुकलंच, तर ते पकडायला तिच्या गाठीला काही नसतं.

या अभ्यासशाखेचं वय लहान आहे. हेलसिंकी विद्यापीठाचा सर्वांसाठीचा मोफत अभ्यासक्रम 2018 चा. सीबीएसईनं नववीला हा विषय 2019-20 पासून दिला. ड्युरी लाँग आणि ब्रायन मॅगर्को यांनी एआय साक्षर माणसाला काय काय यायला हवं याची मांडणी 2020 मध्ये केली, आणि युनेस्कोचा विद्यार्थ्यांसाठीचा आराखडा 2024 मध्ये आला. आराखड्यांची यादी इथेच थांबवतो, कारण यंत्राच्या बोलण्यावर किती विसंबायचं, हा मूळ प्रश्न त्याहून जुना आहे.

1966 मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जगापुढे मांडला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य उलटवून ते प्रश्नाच्या रूपात परत करायचं, एवढीच त्याची करामत. त्याला समजत काहीच नव्हतं. वायझेनबॉम हा प्रोग्राम तयार करत होते ते त्यांच्या सेक्रेटरीनं कित्येक महिने पाहिलं होतं. तरीही एलायझाशी थोडा वेळ बोलल्यावर तिनं वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. बोलणं खासगी होतं ना! पुढे वायझेनबॉम संगणकांचे कडवे टीकाकार झाले, त्यात या प्रसंगाचाही वाटा होता. आतली यंत्रणा नुसती डोळ्यांसमोर असून भागत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मग शिकून काही फरक पडतो का? पडतो, असं दिसतं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळलं, की एआयची जाण कमी असलेल्यांनाच ते वापरण्याची ओढ जास्त, कारण त्यांना त्यात जादू दिसते. जाण वाढली की जादू उतरते. माझ्या लेखी या विषयाचा सर्वांत मोठा लाभ हाच. नोकरीबिकरीचं नंतर पाहू.

तोट्यांकडे डोळेझाक करणारी प्रस्तावना म्हणजे जाहिरात झाली असती. तुर्कस्तानातल्या जवळजवळ हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. चॅटबॉट मोकळेपणी वापरणाऱ्यांची सरावातली कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं 17 टक्क्यांनी मागे पडली. तेच यंत्र उत्तराऐवजी इशारे देईल असं बांधलं, तेव्हा हे नुकसान जवळपास भरून निघालं. यंत्राकडून लिहून घेतलेलं पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवावा, तर ओपनएआयनं स्वतःचंच तसलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी दिसलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले. आपल्या मुलांचं जपून, बेतानं लिहिलेलं इंग्रजी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा धोका किती जवळचा आहे ते कळेल.

खुद्द साक्षरतेच्या वर्गांबद्दलही माझी तक्रार आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, ‘उत्तम प्रॉम्प्ट कसा लिहावा’, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सहा महिन्यांत साधन बदलतं आणि शिकलेलं वाया जातं. प्रौढ शिक्षणातल्या कार्यकर्त्यांना हे ओळखीचं वाटेल : सही करायला शिकलेल्या माणसाच्या हाती वाचायला काहीच पडलं नाही, तर अक्षरं पुन्हा पुसली जातात. दुसरी खोट अर्ध्या जाणिवेची. एक मुलगा ‘यंत्र फेकतंच’ एवढं शिकला आणि बरोबर उत्तरंही उडवून लावू लागला. त्याचंही तपासणं संपलंच. शिवाय हे तास वेळापत्रकात बसवायचे, तर कापला जातो तो बहुधा ग्रंथालयाचा तास. हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो. अवांतर वाचन नसलेल्या मुलाला यंत्राची चूक दाखवणार तरी कशी?

म्हणून पुढच्या पानांत बटणांपेक्षा उदाहरणं जास्त आहेत. गणित येत नसेल तर तिसरं प्रकरण खुशाल वगळा, पुढे अडणार नाही. शिक्षकांनी मात्र खेळापासूनच सुरुवात करावी, आणि तो एका तासात उरकू नये. आमच्या त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी पाभरीचं वर्णन यंत्राला नीट टाइप करून सांगितलं. यंत्रानं लगेच माफी मागितली : तुमचं बरोबर आहे, पाभर हे पेरणीचं अवजार आहे. मग शेजारच्या मुलानं कीबोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं, नाही, ती टोपलीच. यंत्रानं त्याचीही माफी मागितली.