पाथरी : कुळकर्णासाठीं झालेलें युद्ध

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या उत्तरेस पाथरी हें एक तालुक्याचें गांव आहे. कापूस व ज्वारी घेऊन तेथें येणाऱ्या बाजारकऱ्यास क्वचितच ठाऊक असेल कीं, ह्या गांवासाठीं सोळाव्या शतकांत दोन सुलतानांचें युद्ध जुंपलें होतें. आणि त्याच्या मुळाशीं होती ती वतनाची ओढ.

विजापूरच्या दरबारीं इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो कीं, पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यांतील एक पुरुष विजयनगरच्या मुलखांत जाऊन राहिला. त्याचा मुलगा बहामनी फौजेच्या हातीं सांपडला, मुसलमान झाला आणि मलिक हसन ह्या नांवानें वाढला. १४८१ सालीं महमूद गवानाचा वध झाल्यावर बहामनी राज्याचीं सूत्रें ह्याच्याच हातीं आलीं. त्याचा मुलगा मलिक अहमद ह्यानें १४९० सालीं निजामशाही स्थापिली.

अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा ह्याच्या वेळीं पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहींत होती. पूर्वजांचें गांव आपल्याकडे यावें म्हणून त्यानें मोबदला देऊं केला. अल्लाउद्दीन इमादशहानें तो नाकारला. तेव्हां १५१८ सालीं बुऱ्हाणानें पाथरी बळानें घेतली. पुढें ती एकदां हातची गेली व पुन्हा जिंकावी लागली. भांडण इतकें विकोपास गेलें कीं, इमादशहानें गुजराथच्या बहादूरशहास दक्षिणेंत पाचारण केलें. बुऱ्हाणानें पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम दिली, असेंही फिरिश्ता लिहितो. धर्म पालटला, राज्य मिळालें, तरी कुळकर्ण कांहीं विसरलें नाहीं!

मोगल अमदानींत पाथरी वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठाणें होती. पुढें निजामाच्या राज्यांत १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे आली. पण ती पाथरीस न शिवतां, उत्तरेकडून, मानवत रोड व सेलू ह्या स्टेशनांवरून गेली. कापसाच्या गाड्या साहजिकच रुळांकडे वळल्या आणि मानवत व सेलू येथील पेठा नांवारूपास आल्या. जिच्यासाठीं सुलतान लढले तिला मागें टाकण्यास कांहीं कोसांचें अंतर पुरलें.

पाथरीची ही कथा आपणांस कळते ती मुख्यतः परक्या दरबारच्या लेखणीमुळें. आपल्या बाजारगांवांतून जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडीचीं दप्तरें असतील, तर वाळवी लागण्यापूर्वीं तीं कोणीतरी उघडून वाचावीं, एवढीच विनंती आहे.